मशीनच्या डब्यात डेबियन, आणि एजंट विचारतोय ‘एनक्रिप्शन आहे का?’

वाळूजकर | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. प्रेस आणि मोल्डिंग मशीनला लावायचा एक डबा आम्ही बनवतो. मशीनचे स्ट्रोक, तापमान, मशीन किती वेळ बंद होती, असं सगळं गोळा करून तो मालकाच्या सर्व्हरवर पाठवतो. आत एआरएम बोर्ड (छोटा संगणकच), त्यावर डेबियन, म्हणजे फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली. आजवर माल चाकण, नाशिक, फार तर राजकोटला जायचा. आता नैरोबीहून ऑर्डर आली आहे आणि दुबईचा एक ट्रेडरही चौकशी करतोय.

क्लिअरिंग एजंटाने एक फॉर्म पाठवला. त्यातल्या दोन रकान्यांवर गाडी अडली आहे. एक, मालात एनक्रिप्शन (माहिती सांकेतिक करून झाकणं) आहे का, असल्यास अल्गोरिदम आणि कीची लांबी लिहा. दोन, माल स्कोमेट यादीत, म्हणजे निर्यातीवर निर्बंध असलेल्या मालाच्या सरकारी यादीत, येतो का. फोन केला तर म्हणतो, “साहेब, दोन्हीकडं ‘नाही’ लिहा आन् मोकळं व्हा. समदे तेच लिवतात.”

पण एनक्रिप्शन तर आहे. बोर्डावर लॉगिन करून पॅकेजांची यादी काढली : नेटवरचं बोलणं झाकायला ओपनएसएसएल, दूरून सुरक्षित लॉगिनसाठी ओपनएसएसएच, अपडेटची सही तपासायला जीपीजी, डिस्क झाकायला लक्स, कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) झाकलेल्या बोगद्यासाठी वायरगार्ड. यातली एक ओळही आमची नाही. सगळं डेबियनमधून जसंच्या तसं आलेलं.

मला कळत नाही ते असं. डेबियनचं बस्तान अमेरिकेत, मग अमेरिकेचा निर्यात कायदा आमच्या डब्याला लागतो का? आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? आणि जे जगात कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं, त्याला निर्यात म्हणायचं तरी कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९:३०

एजंट बरोबर सांगतोय. ‘नाही’ लिहा. नैरोबीतला पोरगासुद्धा दहा मिनिटांत डेबियन उतरवून घेईल. न्हावा शेवाला कोण तुमच्या डब्यात लॉगिन करून बघणार आहे?

कागदवाला | सोमवार, रात्री ९:५१

गोदाकाठ, असले सल्ले चहाच्या टपरीवर ठीक आहेत. खोट्या घोषणापत्रावर सही एजंटाची नसते, निर्यातदाराची असते. उद्या काही निघालं तर एजंट फोनही उचलणार नाही.

मी जालन्यात निर्यातीच्या कागदांचंच काम करतो. वाळूजकर, सविस्तर उद्या लिहितो, आज एका कंटेनरची घाई आहे. तोवर एवढं कळवा : डब्याचं ब्रोशर आहे का, आणि त्यावर नेमकं काय छापलंय?

नॉनयूएस_नांदेड | सोमवार, रात्री ११:०४

धागा वाचून जुने दिवस आठवले. कागदाचं कागदवाला सांगतीलच, मी डेबियनची कुंडली मांडतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

शीतयुद्धापासून अमेरिकेने सांकेतिक लिपीची यंत्रं तोफा-बंदुकांच्याच यादीत ठेवली होती. पुढे तेच काम सॉफ्टवेअर करू लागलं तरी यादी तीच राहिली. १९९१ मध्ये फिल झिमरमनने पीजीपी हा ईमेल झाकणारा प्रोग्रॅम फुकट वाटला आणि तो नेटवरून देशाबाहेर पोचला. १९९३ पासून त्याच्यामागे फौजदारी चौकशी लागली, ती जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळली. मधल्या काळात गंमत झाली. १९९५ मध्ये एमआयटी प्रेसने पीजीपीचा सोर्स कोड चक्क पुस्तक म्हणून छापला. फ्लॉपी निर्यात केली तर शस्त्रांची तस्करी, पुस्तक निर्यात केलं तर वाचनसंस्कृती! १९९७ मध्ये पीजीपी ५.० ची छापील पानं नॉर्वेत नेली, तिथं हजारो पानं स्कॅन केली आणि त्यातून पुन्हा प्रोग्रॅम उभा केला. सगळं कायदेशीर.

आता डेबियन. मूळ संस्था न्यूयॉर्कमध्ये नोंदलेली, मुख्य सर्व्हर अमेरिकेत. म्हणून एनक्रिप्शनचं प्रत्येक पॅकेज वेगळं काढून ‘नॉन-यूएस’ नावाच्या कोठारात ठेवलं जायचं आणि ते कोठार नेदरलँड्समध्ये होतं. अमेरिकेत माल आणायला बंदी नव्हती, बाहेर न्यायला होती. एखाद्या जर्मन माणसाने पॅकेज बनवून चुकून अमेरिकेतल्या सर्व्हरवर चढवलं की ते तिथंच अडकलं. त्यामुळे डेव्हलपरांनी अशी पॅकेजेस थेट बाहेरच्या सर्व्हरवरच चढवायची, असा दंडक होता.

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तेव्हा ‘पोटॅटो’, म्हणजे डेबियन २.२, २००० सालचं. कुणाच्या तरी पुण्याच्या मावसभावाकडून आलेल्या सीडी. पहिल्या सीडीच्या दोन जाती असायच्या, एक साधी आणि एक नॉन-यूएसवाली. आमच्याकडे साधी. म्हणजे एसएसएच नाही, जीपीजी नाही, सर्व्हरवर जायचं तर टेलनेट, ज्यात सगळं उघडंच जातं. लॅबमध्ये स्विच नव्हता, हब होता. कुणीही कोपऱ्यातल्या मशीनवर टीसीपीडम्प चालवला की पलीकडच्या रांगेत टाइप होणारा पासवर्ड एकेक अक्षर करून पडद्यावर यायचा. मग सोर्सेस डॉट लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणारी फाइल) नॉन-यूएसची एक ओळ जास्तीची लिहायची, मोडेमचा कर्कश सूर ऐकायचा आणि एसएसएचच्या इवल्याशा पॅकेजसाठी संध्याकाळ घालवायची. नांदेडच्या पोरांना टेलनेटवर ठेवून अमेरिकेची कोणती सुरक्षा साधली, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

चक्र फिरलं ते असं. नोव्हेंबर १९९६ मध्ये क्लिंटन सरकारने व्यापारी एनक्रिप्शन शस्त्रांच्या यादीतून काढून वाणिज्य खात्याकडे दिलं. डॅनियल बर्नस्टाइन नावाच्या गणितज्ञाने ‘सोर्स कोड हेही अभिव्यक्तीच’ म्हणून सरकारला कोर्टात खेचलं आणि १९९९ मध्ये अपील कोर्टातही त्याच्या बाजूने निकाल लागला. जानेवारी २००० मध्ये नवे नियम आले : सोर्स कोड सगळ्यांना खुला असेल तर सरकारला ईमेलने कळवा आणि वाटा. डेबियनवाल्यांनी तरी घाई केली नाही. २००१ मध्ये वकिलाचा लेखी सल्ला घेतला, मार्च २००२ पासून पॅकेजेस मुख्य कोठारात हलवायला लागले. कोणत्या पॅकेजमध्ये पुढेमागे एनक्रिप्शन घुसेल याचा नेम नाही, म्हणून येणाऱ्या प्रत्येक नव्या पॅकेजची सूचना सरकारकडे जाईल अशी आपोआप चालणारी सोयच त्यांनी लावून टाकली! २००५ च्या ‘सार्ज’ या डेबियन आवृत्तीपासून नॉन-यूएस कायमचं बंद.

तर वाळूजकर, तुमच्या डब्यातला ओपनएसएसएल हा जगासाठी खुला, प्रसिद्ध कोड आहे. अमेरिकेच्या नियमांतून तो बाहेर आहे. मार्च २०२१ पासून तर नेहमीच्या प्रमाणित अल्गोरिदमसाठी ती ईमेलची अटही उठली.

अवांतर : २० नोव्हेंबर २००२ ला नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठात मोठी आग लागली. डेबियनचा एक सर्व्हर त्यात जळाला. त्यावर काय होतं? सुरक्षेचे अपडेट आणि नॉन-यूएस कोठार.

पोरगा_लातूरचा | मंगळवार, सकाळी ७:४८

काका, लई भारी लिहिलंय. मी तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला क्रिप्टोग्राफीत एईएसच्या राउंड पाठ करायला लावायलेत, पण हा इतिहास कुणीच सांगत नाही. एक विचारायचं होतं, ४० बिटचं ‘एक्सपोर्ट ग्रेड’ म्हणतात ते नेमकं किती कमजोर होतं?

हिंगोलीची_लेक | मंगळवार, सकाळी १०:२०

मी पुण्यात सिक्युरिटी टेस्टिंग करते, रोज हेच उकरते, म्हणून उत्तर देते.

नेटस्केप ब्राउझरच्या दोन आवृत्त्या असायच्या, अमेरिकेसाठी १२८ बिट आणि बाकी जगासाठी ४०. पण ४० बिटवाल्याचीही की १२८ बिटांचीच असायची बरं का. एसएसएल म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं झाकायची पद्धत. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत कीमधले ८८ बिट उघडे पाठवले जायचे आणि ४० झाकलेले. कुलूप तेवढंच मोठं, फक्त चावीचे बहुतेक दाते दारावर लिहून ठेवलेले. ४० बिट म्हणजे साधारण १ लाख १० हजार कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं. ऑगस्ट १९९५ मध्ये डेमियन डोलिगे या फ्रेंच संशोधकाने विद्यापीठांतली आणि संशोधन संस्थांतली रिकामी पडलेली शंभरेक मशीन वापरून ते आठ दिवसांत फोडलं. १९९८ मध्ये ५६ बिटांचं डीईएस हे जुनं प्रमाणित एनक्रिप्शन ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या यंत्राने ५६ तासांत फोडलं, यंत्राचा खर्च अडीच लाख डॉलरच्या आत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. कायदा २००० मध्ये सैल झाला, तरी त्या कमजोर सायफरांचा (झाकण्याच्या पद्धतींचा) कोड सर्व्हरांमध्ये आणि ब्राउझरांमध्ये तसाच पडून राहिला. जुन्या ब्राउझरला चालावं म्हणून ठेवलेला, नंतर कुणाच्या लक्षातच नाही. मार्च २०१५ मध्ये ‘फ्रीक’ नावाचा हल्ला समोर आला. मधे बसलेला माणूस सर्व्हरला म्हणतो, मला ते जुनं एक्सपोर्टवालं ५१२ बिटांचं आरएसए दे, आणि सर्व्हर देतो! ती की फोडायला भाड्याच्या क्लाउड मशीनवर सुमारे सात तास आणि शंभरेक डॉलर लागले. प्रात्यक्षिकासाठी संशोधकांनी कोणती साइट निवडली असेल? खुद्द एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेची. ज्यांच्यासाठी बाकी जगाला कमजोर कुलूप दिलं, त्यांच्याच दाराला ते लटकत होतं. दोन महिन्यांनी ‘लॉगजॅम’ आला, जात तीच. शेवटी २०१६ च्या ओपनएसएसएल १.१.० मधून ४० आणि ५६ बिटांचे सायफर काढून टाकले.

वाळूजकर दादा, तुमचा डबा ज्या सर्व्हरशी बोलतो तो किती जुना आहे? कारखान्यांत अजून असे सर्व्हर निघतात, म्हणून विचारते.

मांजराकाठ | मंगळवार, दुपारी १:१५

मी इतिहास शिकवतो, संगणकातलं फारसं कळत नाही. पण नॉनयूएस यांचं वाचून आपलाच इतिहास समोर आला. निजामाच्या राज्यात सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते, मालावर तिथं जकात. पलीकडच्या वर्तमानपत्रांना इकडे बंदी. १९४७-४८ मध्ये स्टेट काँग्रेसने सशस्त्र कामासाठी छावण्या उभ्या केल्या त्या राज्यात नव्हे, सरहद्दीपलीकडे, उमरखेडसारख्या ठिकाणी. मराठवाड्यातली माणसं तिकडे राहून इकडचं काम करायची. करोडगिरीचे नाके हे त्यांचं ठरलेलं लक्ष्य. तुमचं ते नेदरलँड्सचं कोठार मला तसंच वाटलं.

नॉनयूएस_नांदेड | मंगळवार, दुपारी २:०२

सर, जागेचं गणित जुळतंय, पण पुढे तुलना ताणली जाते. डेबियनवाल्यांनी एकही नाका जाळला नाही. उलट ती मंडळी इतकी कायदाभीरू की वकिलाने ‘चालेल’ म्हटल्यावरही महिनोन्महिने चर्चा. तुम्ही म्हणता तसे छावणीवाले शोधायचे तर ओपनबीएसडी या दुसऱ्या फुकट प्रणालीकडे बघा. ते कॅनडातल्या कॅलगरीतून चालायचं आणि त्यांनी ‘आम्ही अमेरिकेबाहेर आहोत’ हेच मिरवलं. एनक्रिप्शनचा कोड अमेरिकेबाहेरच्यांनी लिहायचा, आतल्यांनी हात लावायचा नाही. आज जगातल्या जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर जे ओपनएसएसएच आहे, ते १९९९ मध्ये तिथूनच आलं.

आणि ही एकच गोष्ट नाही. ओपनएसएसएलचं मूळ एसएसएलईवाय ऑस्ट्रेलियात, मूळ एसएसएच फिनलंडचं, जीपीजी जर्मनीचं, आणि त्याला तर जर्मन सरकारने पैसे दिले. कर्नलमध्ये एनक्रिप्शन येण्याआधी त्याचे पॅच नॉर्वेतून वाटले जायचे. अमेरिकेने एनक्रिप्शन अडवलं नाही, फक्त ते लिहिण्याचं काम दुसऱ्या देशांना देऊन टाकलं. माझं तर मत असं की ती बंदी नसती तर यातला निम्मा कोड कॅलिफोर्नियातल्या एखाद्या कंपनीच्या कुलूपबंद उत्पादनात गेला असता.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी २:३०

म्हणजे माझंच खरं ठरलं. बंदी फोल. मग वाळूजकरांनी ‘नाही’ लिहिलं तर बिघडलं कुठं?

आणि आपल्याकडं तर कुणी असं काही अडवलंच नव्हतं ना?

नॉनयूएस_नांदेड | मंगळवार, दुपारी ३:१०

अडवलं होतं की. त्या काळच्या आयएसपी परवान्यात अट होती : ४० बिटांपर्यंतचं एनक्रिप्शन विनापरवानगी, त्यावरचं वापरायचं तर दूरसंचार खात्याची परवानगी आणि उलगडायची की त्यांच्याकडे जमा. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी सांगितलं, किमान १२८ बिट एसएसएल वापरा. एक खातं म्हणतं ४०, दुसरं म्हणतं १२८. अख्ख्या देशाने बिनबोभाट १२८ वापरलं.

सप्टेंबर २०१५ चा राष्ट्रीय एनक्रिप्शन धोरणाचा मसुदा आठवतोय का? पाठवलेल्या संदेशांची साधी, न झाकलेली प्रत ९० दिवस जपून ठेवा, असं त्यात होतं. आरडाओरड झाली आणि काही दिवसांतच मसुदा मागे घेतला.

पोरगा_लातूरचा | मंगळवार, दुपारी ३:२२

९० दिवस?? आमच्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंगपण ठेवायचे होते का 😂

पोरगा_लातूरचा | मंगळवार, दुपारी ३:२२

दोनदा आल्याने प्रतिसाद काढून टाकला आहे.

कागदवाला | मंगळवार, रात्री ८:४५

कंटेनर गेला, आता निवांत लिहितो.

गोदाकाठ, बंदी फोल होती की नव्हती हा गप्पांचा विषय झाला. कायदा पुस्तकात आहे तोवर सही करणाऱ्याने तो वाचायचा असतो.

वाळूजकर, तुमच्यासाठी अमेरिका दुय्यम, आपला डीजीएफटी (विदेश व्यापार महासंचालनालय) पहिला. स्कोमेट ही दुहेरी वापराच्या मालाची यादी : जो माल कारखान्यातही चालतो आणि लष्करातही. तिच्यात आठवा गट २०१७ मध्ये आला, तो वासेनार करारातल्या (अशा मालाच्या निर्यातीवरचा अनेक देशांचा करार) यादीशी जुळवून घेतलेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारत वासेनारचा ४२ वा सदस्य झाला. त्यात ८ए५ चा दुसरा भाग ‘इन्फर्मेशन सिक्युरिटी’. तोच तुम्ही वाचायचा, आणि तळटीपांसकट वाचायचा. सगळी गोम टीपांमध्ये आहे.

कीची मर्यादा वाचून दचकू नका. साध्या सिमेट्रिक कीला (झाकायला आणि उघडायला एकच) ५६ बिट, आरएसएला ५१२. यावरचं सगळं यादीच्या कक्षेत. आजचा एकही प्रोग्रॅम याखाली नाही, तेव्हा एकट्या लांबीने काही ठरत नाही. ठरतं ते यावर, की वस्तूचं मुख्य काम काय. माहितीची सुरक्षा, संगणन किंवा साठवण, दळणवळण किंवा नेटवर्किंग, यांपैकी काही मुख्य काम असेल तर माल यादीच्या जवळ जातो. मुख्य काम दुसरंच असेल आणि एनक्रिप्शन फक्त त्या कामाला हातभार लावत असेल, तर बाहेर. शिवाय वासेनारच्या यादीत नेटला जोडलेल्या नागरी-औद्योगिक उपकरणांसाठी वेगळी टीप आहे. प्रमाणित अल्गोरिदम वापरलेले असावेत, उपकरण त्या उद्योगाच्याच कामासाठी बनवलेलं असावं, वगैरे अटी. तुमच्या डब्याला तीच लागू पडेल असं वाटतं, पण अटी एकेक करून ताडून बघा.

आता तुमचा तिसरा प्रश्न. सर्वांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरला सूट आहे हे खरं, पण ती सूट सॉफ्टवेअरला. तुम्ही पाठवताय तो डबा, हार्डवेअर. आतला कोड फुकट मिळतो म्हणून डबा आपोआप सुटत नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

म्हणून ब्रोशरचं विचारलं होतं. काय छापलंय?

वाळूजकर | मंगळवार, रात्री ९:२०

आत्ता काढून बघितलं. ब्रोशर भाच्याने केलंय. वर मोठ्या अक्षरात : ‘मिलिटरी ग्रेड एनक्रिप्टेड इंडस्ट्रियल गेटवे’.

हिंगोलीची_लेक | मंगळवार, रात्री ९:२४

अरे देवा 😄

कागदवाला | मंगळवार, रात्री ९:३१

भाच्याला सांगा, आधी ‘मिलिटरी’ काढ. मग ‘गेटवे’ काढ, तो नेटवर्किंगचा शब्द. कस्टमचा अधिकारी डब्यात लॉगिन करणार नाही हे गोदाकाठांचं बरोबर, पण ब्रोशर तो नक्की वाचतो. अर्थात शब्द बदलून माल बदलत नाही, म्हणून खरं काय ते सांगा : डबा फक्त मशीनचा डेटा पाठवतो, की कारखान्यातल्या बाकी मशीनचं ट्रॅफिकही त्यातून वाहतं? वायरगार्ड कशासाठी ठेवलंय?

वाळूजकर | मंगळवार, रात्री ९:५०

डेटा टीएलएसवरून (एसएसएलचीच पुढची पिढी) एमक्यूटीटी या निरोप-पद्धतीने जातो. वायरगार्ड आमच्या सर्व्हिसवाल्यासाठी, इथं बसून डब्यात शिरता यावं म्हणून. पण खरं सांगायचं तर त्यातून पलीकडच्या पीएलसीपर्यंतही (मशीन चालवणारा नियंत्रक) जाता येतं. दोन गिऱ्हाइकांनी मागितलं म्हणून राउटिंग चालू ठेवलं होतं.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०:०५

सोपं आहे. इथून जाताना एसएसएच, वायरगार्ड, सगळं काढून टाका. डबा नागडा पाठवा. नैरोबीत पोचला की तुमच्या सर्व्हरवरून अपडेट ढकला. काकांच्या नॉन-यूएससारखंच की.

कागदवाला | मंगळवार, रात्री १०:१४

नाही. आपल्या कायद्यात सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान तारेवरून पाठवणं हीसुद्धा निर्यातच. वाळूजच्या सर्व्हरवरून अपडेट ढकललं म्हणजे तुम्हीच निर्यात केली, फक्त कंटेनरशिवाय. आणि मुद्दाम असा वळसा घातलाय हे दिसलं तर प्रामाणिक शंकेचा फायदाही जातो.

हिंगोलीची_लेक | मंगळवार, रात्री १०:३०

आणि तांत्रिक बाजूनेही नको. नागडा डबा पहिल्यांदा चालू होईल तेव्हा अपडेट खरं की खोटं हे तपासायलाच जीपीजीच्या सह्या लागतात. सही तपासणं ही ओळख पटवण्याची गोष्ट आहे, काही झाकण्याची नाही. निर्बंध मुख्यतः झाकण्यावर आहेत. तेव्हा ती काढायचं काहीच कारण नाही.

माझं सुचवणं : वायरगार्ड राहू द्या, पण राउटिंग बंद करा. बोगदा डब्यापाशीच संपला पाहिजे. निर्यातीच्या विचाराने नाही म्हणत मी. वाळूजमध्ये बसलेल्या सर्व्हिसवाल्याच्या लॅपटॉपवरून नैरोबीच्या पीएलसीपर्यंत सरळ रस्ता असणं हेच मुळात धोक्याचं. त्याने डब्याचं वर्णनही सरळ होतं : मशीनचा डेटा गोळा करणारं उपकरण, एवढंच.

पोरगा_लातूरचा | मंगळवार, रात्री ११:१२

पण ओपन सोर्सला तर सीमा नसते असं म्हणतात ना?

नॉनयूएस_नांदेड | बुधवार, सकाळी ६:५५

कोडला नसते, माणसांना असते. २०१९ मध्ये गिटहबने अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया, क्रिमियातल्या लोकांची खाती आखडली. इराणपुरती मोकळीक जानेवारी २०२१ मध्ये, तीही सरकारी परवाना मिळाल्यावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या मेंटेनरांच्या यादीतून काही रशियन नावं निर्बंधांचं कारण देऊन उडवली. कोड तसाच खुला आहे, ती माणसं पॅच पाठवायलाही मोकळी आहेत, पण यादीत नाव नाही. आणि आपणही त्यातून गेलोय. १९९८ च्या पोखरणनंतर अमेरिकेने भारतातल्या कितीतरी संस्था काळ्या यादीत टाकल्या होत्या. इस्रो-डीआरडीओच्या काही संस्था त्यातून २०११ मध्ये सुटल्या.

कागदवाला | बुधवार, सकाळी ९:३०

यावरूनच दुबईच्या ट्रेडरकडे वळतो. नैरोबीपेक्षा मला तीच ऑर्डर खुपते. ट्रेडर स्वतः काही प्रेस चालवत नाही. माल कोणत्या कारखान्यात, कोणत्या मशीनवर बसणार, हे त्याच्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या. ‘माल आला की ठरवू’ म्हणाला तर ऑर्डर सोडा. तिथून माल इराणला गेला तर तुमच्या बोर्डावरच्या अमेरिकन चिपचा प्रश्न उभा राहतो, मग सॉफ्टवेअर कितीही खुलं असो. चिपचा निर्यात-वर्ग, ज्याला ईसीसीएन म्हणतात, बनवणाऱ्याच्या साइटवर मिळतो. उतरवून फाइलला लावा.

फॉर्मवर खरं तेच लिहा : एनक्रिप्शन आहे, प्रमाणित आहे, एईएस-टीएलएस, मुख्य काम मशीनचा डेटा गोळा करणं, ८ए५ भाग दोनच्या अमुक टीपेनुसार यादीबाहेर. सोबत दोन पानी तांत्रिक टिपण जोडा. राउटिंगवाली आवृत्ती पाठवायचीच असेल तर मात्र डीजीएफटीकडे अर्ज करा. तो आंतरमंत्रालयीन समितीपुढे जातो, वेळ लागतो, नैरोबीवाल्याला आधीच कल्पना द्या.

वाळूजकर | बुधवार, दुपारी १२:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. राउटिंग बंद करून नवी इमेज बनवायला घेतली. एजंटाला सांगितलं, ‘आहे’ लिहिणार. म्हणाला, “मग टिपण तुमीच द्या, मला त्यातलं काय कळत नाही.” दुबईवाल्याला कारखान्याचं नाव विचारलंय, अजून उत्तर नाही.

ताई, सर्व्हर आमचाच आहे, फार जुना नाही. पण एका गिऱ्हाइकाकडे विंडोज २००३ वर चालणारं काहीतरी आहे, त्याच्याशीही डबा बोलतो.

हिंगोलीची_लेक | बुधवार, दुपारी १:०५

मग त्या २००३ साठी डब्यातलं टीएलएस खाली आणू नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. मधे एक छोटी मशीन ठेवा, ती जुन्याशी बोलेल. डब्यासाठी किमान टीएलएस १.२.

नॉनयूएस_नांदेड | बुधवार, दुपारी ३:२०

एक राहिलंच. निर्यातीच्या नादात जीपीएल, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरचा परवाना, विसरू नका. डबा विकताय म्हणजे कर्नल आणि बाकी जीपीएल पॅकेजांच्या बायनरी वाटताय. सोर्स सोबत द्या, नाहीतर किमान तीन वर्षं चालणारी लेखी हमी कागदावर घाला. ‘डेबियनच्या साइटवर आहे’ एवढ्यावर भागत नाही, इमेज बनवली त्याच दिवशी त्याच आवृत्त्यांचे सोर्स उतरवून तुमच्याकडे ठेवा. आणि प्रत्येक पॅकेजची कॉपीराइट फाइल इमेजमध्ये आहे ना, ते बघा.

वाळूजकर | बुधवार, दुपारी ३:५१

बघितलं. इमेज लहान करायला भाच्याने डॉकचं आख्खं फोल्डर उडवलंय.

नॉनयूएस_नांदेड | बुधवार, दुपारी ३:५८

परत टाका. मॅन्युअल वगैरे उडवलं तर चालेल, पण कॉपीराइट नावाच्या फाइल्स तेवढ्या राहू द्या. जागा फार खात नाहीत.